नणंदेकडून उसनं आणलेलं स्वप्न

सूर्यभानजी गेले त्याला वर्ष होत आलं. तेवढ्या एका वर्षात ते ज्याच्या त्याच्या स्वप्नात जाऊन आले. अकोल्याला जुन्या शहरात राहणाऱ्या थोरल्या बहिणीच्या, दुर्गाबाईंच्या स्वप्नात तर महिन्यातून दोनदा. इथे वलगावातच राहणाऱ्या त्यांच्या दोस्ताच्या, जानरावच्या स्वप्नात दोन-तीनदा. एवढंच काय, घरची सून आकांक्षा, जिचं सासऱ्याशी 'चहा ठेवला बाबा' यापलीकडे कधी बोलणं झालं नाही, तिच्याही स्वप्नात येऊन ते मुकाट्यानं ओट्यावर बसून गेले. आले नाहीत ते फक्त रुख्मिणीबाईंच्या. पस्तीस वर्षं संसार केलेल्या बायकोच्या.

दुर्गाबाईंचा फोन यायचा तो सकाळी सातच्या आत.

"वयनी, भाऊ आला होता बरं पहाटी. निंबाखाली बाजीवर बसला होता. पांढरा सदरा, दाढी केलेली. म्हने, दुर्गे, रोडगे खाऊन लय दिवस झाले."

"अजून काय म्हने?"

"अजून काय म्हनीन? रोडगेच म्हने."

"माह्याबद्दल काई?"

"नाई बाप्पा. नाई बोलला तं खोटं काहून सांगू?"

गेलेल्या माणसानं स्वप्नात येऊन काही मागितलं की ते करून त्याच्या नावानं कुणाला तरी जेवू घालायचं, ही या घरची रीत. त्या दिवशी मागच्या अंगणात गोवऱ्या पेटल्या, त्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजले गेले, वांग्याची भाजी झाली आणि सूर्यभानजींच्या नावानं जानराव पाटावर बसला. सहा रोडगे तुपात बुडवून खाल्ल्यावर त्यानं ढेकर दिली आणि म्हणाला, "वयनी, परवा माह्याबी सपनात आला होता गड्या. म्हने, पुढच्या बारीले पुरनपोया करजा म्हना."

आकांक्षा वरण वाढता वाढता थांबली. "काका, बाबांना तर पुरण आवडतच नव्हतं."

"वरतं गेल्यावर मानसाची चव बदलते वं पोरी," जानराव म्हणाला आणि वाटी पुढे केली.

रुख्मिणीबाई हसल्या. हसणं बायका विसरत नाहीत. पण भांडी घासायला बसल्या की तोच विचार यायचा. गावात दोन मतं होती. एक म्हणे, माणूस तृप्त होऊन गेला, बायकोकडून काही घ्यायचं राहिलं नाही, म्हणून येत नाही. दुसरं म्हणे, ज्याच्यात जीव नसतो त्याच्याकडे कशाला येईल. पहिलं मत बायका तोंडावर सांगायच्या. दुसरं पाठीमागे, पण गावात पाठीमागे म्हणजे किती पाठीमागे असतं?

तसं दोन्ही मतांचं त्यांना फारसं काही नव्हतं. त्यांना सूर्यभानजींकडून माया ऐकायची नव्हती की आभार ऐकायचे नव्हते. त्यांना फक्त एक गोष्ट विचारायची होती.

कापूस वेचणीच्या दिवसांत सूर्यभानजींना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. चौदा महिने ते समोरच्या खोलीत पडून होते. रुख्मिणीबाई सातवी शिकलेल्या, पण त्या चौदा महिन्यांत त्या एक नवी भाषा शिकल्या. डोळे दोनदा मिटले की पाणी. नाक आखडलं की पडदा ओढा. डाव्या पायाचा अंगठा हलला की कपडे ओले झालेत. अमोल, त्यांचा मुलगा, शेतातून आल्यावर बापाजवळ बसायचा आणि आईकडे बघायचा, की बाबा काय म्हणतात ते सांग. आई सांगायची. कधी चुकायची नाही.

एक सोडून. रोज दुपारी चारच्या सुमाराला सूर्यभानजींचा डावा हात उठायचा आणि रुख्मिणीबाईंचा पदर धरायचा. ओढायचा. डोळे त्यांच्या डोळ्यांत. काहीतरी हवं असायचं. त्या एकेक विचारायच्या. पानी देऊ? उशी? कुशीवर करू? पंखा कमी करू? अमोलले बलावू? वावरातलं काई? टीव्ही? ते मान हलवायचे, नाही. पुन्हा पदर ओढायचे. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मग हात दमायचा आणि मूठ आपोआप उघडायची. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांत राग नसायचा. राग असता तर बरं झालं असतं. शाळेतला गुरुजी मठ्ठ पोराकडे शेवटी जसा बघतो, तसं बघून ते मान फिरवून घ्यायचे.

चौदा महिन्यांत हे किती वेळा झालं असेल! गेले त्याच्या आदल्या दिवशीही झालं.

स्वप्नात तर त्यांना वाचा होती. दुर्गाबाईंशी रोडग्यांवर बोलत होते, जानरावशी पुरणावर. एकदा इकडे आले असते, तर रुख्मिणीबाईंनी रोडगे नाही, तेवढंच विचारलं असतं, की चार वाजता काय पाहिजे होतं हो?

आणि वेळ थोडा उरला होता. त्यांच्या घरात मेलेल्या माणसाला पितरांत मिळवायचा विधी बाराव्याला उरकून घेत नाहीत, वर्षश्राद्धाला करतात. दुर्गाबाईंनी सांगून ठेवलं होतं, "एकडाव पितरायत मियाला का मंग तो एकट्याचा राह्यत नाई वयनी. मंग येते तं सगळे मिळून येतात, नाईतं येतच नाई."

आकांक्षा बघत होती. सासू साडेआठलाच अंथरुणावर जाते. कधी उशाखाली त्यांचा सदरा ठेवते, कधी उशाची दिशा बदलते, कधी जेवतच नाही, कुणी म्हणालं उपाशी पोटी स्वप्न पडतं म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी कुणी म्हणालं भरल्या पोटी पडतं म्हणून दोन भाकरी जास्त खाते. आकांक्षाची एक मैत्रीण अमरावतीला कठोरा नाक्यापाशी राहायची. तिनं सांगितलं, आमच्या गल्लीत साधनाताई म्हणून आहेत, आधी दवाखान्यात व्यायाम द्यायच्या, आता दर रविवारी ध्यान शिकवतात आणि स्वप्नांवर काम करून घेतात. देवाचं नाही, अंगात येण्याचं नाही, गंडादोरा नाही.

"आता सपनं शिकवाच्याबी शाळा निंगाल्या काय?" अमोल म्हणाला.

"तुमी गप्प राहा," आकांक्षा म्हणाली आणि रविवारी सासूला स्कूटीवर मागे बसवून निघाली.

साधनाताईंच्या वरच्या मजल्यावर मोठी खोली, दहा चटया. पाठीवर झोपायचं, श्वास बघायचा, मग पायाच्या बोटांपासून वर वर एकेक अवयव मनानं चाचपत जायचं. साधनाताई हळू आवाजात सांगायच्या, "सकाळी जाग आली की लगेच हलू नका. ज्या कुशीवर जाग आली त्याच कुशीवर पडून राहा. स्वप्न डोक्यात शोधू नका, ते अंगात असतं. अंग हललं की सांडतं." मग एकेकानं आपलं स्वप्न आत्ता घडतंय असं सांगायचं, आणि ताई विचारायच्या, हे तुमच्या शरीरात कुठे आहे? निवृत्त झालेल्या एका कारकुनाला अजून दहावीच्या गणिताचा पेपर यायचा. तो पोटावर हात ठेवायचा. एका शिक्षिकेला स्वतःच्या घरात एक जास्तीची खोली सापडायची. ती गुडघे धरायची आणि रडायची. रुख्मिणीबाईंना पहिल्यांदा वाटलं, शिकलेल्या लोकांचं दुखणंही शिकलेलं असतं. पण ती शिक्षिका रडून झाल्यावर जशी हलकी होऊन डबा उघडून बसली, ते बघून त्यांनी तो विचार सोडून दिला.

त्यांची अडचण वेगळीच निघाली. साधनाताई म्हणायच्या, "आता आपल्या टाचेकडे लक्ष द्या." रुख्मिणीबाईंना टाच दिसायची ती सूर्यभानजींची. ती लाल व्हायला लागली की खाली कापसाची गादी सरकवायची. "आता पाठ." पाठ म्हटलं की त्यांची, कमरेच्या वर जिथे कातडी सोलवटायला लागली होती तिथली, पावडर लावलेली. चौदा महिने दुसऱ्याचं अंग सांभाळता सांभाळता आपल्याला अंग आहे हे त्या विसरूनच गेल्या होत्या. आता स्वतःच्या टाचेपर्यंत जायला वाटच सापडेना.

ताईंनी एक वही दिली, स्वप्न लिहायला. रुख्मिणीबाई रोज सकाळी, कुशीवरून न हलता, पडल्या पडल्या वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहायच्या. सोमवार, सपन नाही. मंगळवार, सपन नाही. बुधवार, सपन नाही. एका गुरुवारी मात्र नोंद पडली: म्हैस आली.

रविवारी त्या म्हशीवरही वर्गात काम झालं.

"म्हैस कशी आहे, काकू?"

"कशी म्हंजे? म्हैसच हाय. बाजूवाल्याची."

"ती तुमच्याकडे बघतेय का?"

"नाई वं. कडबा खाऊन राह्यली."

सगळी खोली हसली, ताईही हसल्या. रुख्मिणीबाईंना वाटलं, म्हशीला यायला वेळ आहे, यांनाच नाही.

असे चार रविवार गेले. पाचवा आला तो वर्षश्राद्धाच्या तीन दिवस आधीचा. वहीत आठवडाभर एकच ओळ, सपन नाही. त्या दिवशी ताईंनी विचारलं, "आज कोण सांगतंय?" आणि रुख्मिणीबाईंचा हात वर गेला. त्यांचा त्यांनाच पत्ता लागला नाही, कसा गेला ते.

"मी अंगणात हावो," त्यांनी सुरुवात केली. "निंबाखाली बाज हाय. बाजीवर थे बसले हायेत. पांढरा सदरा. दाढी केलेली. मले म्हनतात, रोडगे खाऊन लय दिवस झाले."

भिंतीला टेकून बसलेल्या आकांक्षानं झटकन मान वर केली. तिनं ते स्वप्न सासूच्या फोनवर, शेजारी उभं राहून, अगदी याच शब्दांत ऐकलं होतं. मग ती पुन्हा भिंतीला टेकली.

गावात वेळेला साखर उसनी आणतात, दही लावायला विरजण उसनं आणतात. रुख्मिणीबाईंनी नणंदेचं स्वप्न आणलं. त्यांचा हिशोब सरळ होता: ताई म्हणतात ना स्वप्नाच्या आत जाता येतं, तर ज्या घरात माणूस बसलाय त्या घरात जाऊ. दार आपलं नसलं म्हणून काय झालं? आत गेलो की विचारून घेऊ.

"छान," साधनाताई जवळ येऊन बसल्या. "त्यांना बघताना शरीरात कुठे काय होतंय?"

कुठेच काही होत नव्हतं. बाज दिसत होती, पण दुर्गाबाई सांगायच्या तेवढीच. तिच्या विणीतला एक दोरही जास्त दिसत नव्हता. सूर्यभानजींचं तोंडही दिसत नव्हतं, फक्त 'दाढी केलेली' एवढं ऐकू येत होतं. रुख्मिणीबाईंना लाज वाटली. तरी त्यांनी छातीवर हात ठेवला. बरेचजण तिथेच ठेवायचे.

"आता एक करू. आता तुम्ही 'ते' व्हा," ताई म्हणाल्या. "ते जसे आहेत तशी शरीराची ठेवण घ्या. हात कुठे, मान कशी, वजन कुठे. घाई करू नका. मग त्यांना काय म्हणायचंय ते आपोआप येईल."

स्वप्नातले सूर्यभानजी बाजेवर ऐटीत बसलेले होते. रुख्मिणीबाईंनी तसंच बसायला हवं होतं. पण बाजेवर बसलेले सूर्यभानजी त्यांच्या अंगाला आठवत नव्हते. अंगाला आठवत होते ते पडलेले. त्या चटईवर आडव्या झाल्या. उजवा हात त्यांनी डाव्या हातानं उचलून पोटावर ठेवला, जसा सूर्यभानजींचा रोज ठेवायच्या. उजवा पाय सैल सोडला. मान किंचित कललेली. तोंडाचा उजवा कोपरा ढिला. इतक्या बिनचूकपणे, की आकांक्षा जागची उठून उभी राहिली.

आणि मग पहिल्यांदा त्यांना अंग जाणवलं.

चटईची शिवण पाठीत रुतत होती, नेमकी एका जागी, आणि सरकता येत नव्हतं. पंख्याची हवा एकाच डोळ्यावर येत होती. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळतेय असं वाटत होतं आणि पुसायला हात नव्हता. टाच जड. कानामागे खाज. खिडकीतून येणारी तिरीप भुवईवर. डोळ्यांसमोर छताचा तोच एक तुकडा, आणि त्या तुकड्याच्या बाहेर, मान पोचत नाही तिथे, माणसांच्या पावलांचे आवाज येतात, जातात. कोण आलं? कोण गेलं? पोटात भूक नाही, पण काहीतरी आहे. कुणीतरी जवळ बसावं. कुणीतरी आता उठून जावं. दोन्ही एकदमच.

त्यांचा डावा हात उठला. त्यानं साधनाताईंची ओढणी धरली आणि ओढली.

"काय हवंय?" ताईंनी हळूच विचारलं.

रुख्मिणीबाईंनी त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"पाणी?"

मान हलली. नाही.

"उशी देऊ?"

नाही.

"कुणाला बोलवायचंय?"

नाही. हात ओढतच होता. जे पाहिजे होतं ते एक नव्हतंच. पाठीतली शिवण होती, डोळ्यावरची हवा होती, कानामागची खाज होती, आणि या सगळ्यांच्या खाली आणखी काही होतं, त्याला नाव नव्हतं. ताई एकेक विचारत होत्या आणि प्रत्येक वेळी थोडं थोडं 'हो' म्हणावंसं वाटत होतं आणि 'हो' म्हटलं की बाकीचं सगळं राहून जाणार होतं. दहा मिनिटांनी हात दमला. मूठ आपोआप उघडली.

कारकून डोळे पुसत होता. साधनाताई म्हणाल्या, "खूप खोल गेलात काकू. आता हळूहळू परत या."

रुख्मिणीबाई उठून बसल्या. पदर सारखा केला. आणि म्हणाल्या, "थे सपन माहं नोय. नंदीचं हाय. मी खोटं बोलली."

ताई थोड्या जवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "स्वप्न त्यांचं असेल. पण नंतर जे झालं ते तुमचंच होतं."

"मंग सांगा न तुमी. काय पायजे होतं त्यायले? तुमी त रोज लोकायची सपनं पाह्यता."

साधनाताईंनी त्यांचा हात हातात घेतला. चांगली बाई होती, खोटं बोलली नाही. "मला नाही माहीत, काकू," एवढंच म्हणाली.

परतताना वलगावच्या रस्त्यावर आकांक्षानं स्कूटी बाजूला घेऊन थांबवली. "आई, पाणी पिता का?" तिनं विचारलं आणि विचारल्याबरोबर जीभ चावली. रुख्मिणीबाई म्हणाल्या, "चाल वं. तू काहून रडून राह्यली?" वाटेत त्या आपल्याशीच बोलत होत्या. आधी एकच गोष्ट माहीत नव्हती. ती कळली की झालं, असं वाटायचं. आता तिथून बघून आल्यावर कळलं, की त्या हाताजवळही कदाचित उत्तर नव्हतं. की होतं? की रोज वेगळं होतं? पंधरा प्रश्न विचारत होते मी, सोळावा विचारायला पाहिजे होता काय?

संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर त्यांनी अकोल्याला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नणंदेकडे काही मागितलं.

"बाई, थे तुमच्याकडे येतात. आता आले का एवढं पुसजा. चार वाजता पदर धरत होते, तवा काय पायजे होतं म्हना. रोडग्याचं नंतर बोलजा, आधी हे पुसजा."

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. दुर्गाबाई कधी गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. लग्नात रुख्मिणीबाईंच्या माहेरच्यांना 'शेवया पातळ झाल्या' असं भर पंगतीत ऐकवणारी ही बाई.

"पुसतो," शेवटी त्या म्हणाल्या. "पुसतो वयनी."

सोमवारी सातला फोन आला नाही. मंगळवारी दुर्गाबाई स्वतःच आल्या, श्राद्धाच्या आदल्या दिवशी, दुपारच्या एसटीनं, हातात पिशवी. डोळे सुजलेले. पाय धुतले, चहा घेतला आणि चुलीजवळ येऊन बसल्या.

"नाई आला वं," त्या म्हणाल्या. "काल दुपारीबी निजली मी. नातीले म्हटलं, टीव्ही बंद कर. एवढं वरीस बिनबोलावता येत होता, अन् आता..." त्यांनी कपाळावर हात मारला. "रोडगे मांगाले आला तवाच पुसाले पायजे होतं मी. मले काय मालूम तो तुह्याजवळ काई मांगत होता? तू कवा सांगतलंच नाई."

"काय सांगू बाई? मले कळलं नाई, हे सांगू?"

दोघी उगाच चुलीतलं लाकूड आत-बाहेर करत बसल्या. थोड्या वेळानं दुर्गाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "कसा धरत होता पदर? दाखव मले." रुख्मिणीबाईंनी नणंदेचा पदर डाव्या हातात धरला आणि ओढला. दुर्गाबाई भावाच्या हाताकडे बघावं तसं त्या हाताकडे बघत राहिल्या. लहानपणापासून त्याला ओळखणारी बहीण ती. तिनं शेवटी तो पदर सोडवून घेतला आणि डोळ्यांना लावला.

बुधवारी सकाळी भटजी आले. अमोल सोवळं नेसून बसला. तीन पिंड एका ओळीत मांडले, सूर्यभानजींच्या बापाचा, आजाचा, पणजाचा. आणि एक लांबट पिंड वेगळा, त्यांचा स्वतःचा. भटजी म्हणाले, "घरच्यांनी नमस्कार करून घ्या. मनात काही असलं तर आत्ताच सांगा, मग पुढचं करतो."

रुख्मिणीबाई वाकल्या. डोकं टेकवलं. काय सांगायचं? सगळे म्हणतात तुमची इच्छा पुरी करू, सुखानं जा. कोणती? त्या वाकलेल्याच राहिल्या. भटजींनी एकदा घड्याळ बघितलं. दुर्गाबाई गुडघ्यांवर हात देत खाली बसल्या आणि त्यांनीही शेजारी डोकं टेकवलं. दोघींची डोकी जवळजवळ होती, पण कुणालाच कुणाचं काही ऐकू येत नव्हतं.

"आता उठा, मुहूर्त जातो," भटजी शेवटी म्हणाले.

आकांक्षानं दोघींना हाताला धरून उठवलं. अमोलनं भटजींनी सांगितल्याप्रमाणे दर्भाच्या काडीनं तो लांबट पिंड कापून त्याचे तीन तुकडे केले आणि एकेक तुकडा बाकीच्या तिघांत दाबून मिसळला. हातानं गोल करून घेतलं. भात ओला होता, चटकन एकजीव झाला. रुख्मिणीबाई थोडा वेळ निरखून बघत होत्या, कुठे काही वेगळं दिसतं का म्हणून.

"चाल वयनी," दुर्गाबाई म्हणाल्या. "पंगत वाढाची हाय."

"हाव," रुख्मिणीबाई म्हणाल्या. पण त्या लगेच निघाल्या नाहीत.